विश्लेषण : परदेशी निघताना कोट किती लांबीचा घ्यावा?

उच्च शिक्षणासाठी जर्मनी, ब्रिटन किंवा कॅनडाला निघालेल्या मुलांच्या घरी ऑगस्ट महिन्यात बॅगा भरण्याची लगबग असते. मसाले, औषधे, कुकर यांच्याबरोबर एक जाड जॅकेटही खरेदी केले जाते. ते निवडताना कापड, आतले अस्तर आणि टोपी पाहिली जाते, पण लांबीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मनालीच्या सहलीला पुरणारे कमरेपर्यंतचे जॅकेट परदेशातल्या डिसेंबरलाही पुरेल, असे गृहीत धरले जाते. बर्फात बसची वाट पाहत उभे राहण्याची वेळ आली की ही चूक लक्षात येते. तोवर पैसे खर्च झालेले असतात आणि दुसरा कोट त्या देशाच्या चलनात घ्यावा लागतो.

लांबीने नेमका काय फरक पडतो?

भाजलेल्या रुग्णाची त्वचा किती टक्के जळाली, याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर एक ढोबळ नियम वापरतात. त्यानुसार प्रौढ माणसाचा एक पाय म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा 18 टक्के भाग. दोन्ही पायांचे मिळून 36 टक्के होतात आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा मांड्यांचा असतो. कोट कमरेवर संपला, तर एवढा मोठा भाग फक्त पँटच्या भरवशावर राहतो.

ऊब खरे तर कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेमुळे मिळते. जीन्स मांडीला घट्ट चिकटते, त्यामुळे मध्ये हवेचा थर उरत नाही. सुती कापड ओले झाले की लवकर वाळतही नाही. मांडीवरून उतरणारा कोट पँटवर हवेचा आणखी एक थर तयार करतो आणि वारा अडवतो. कोट आखूड आणि खालून सैल असेल, तर चालताना प्रत्येक पावलाला आतली गरम हवा बाहेर पडते आणि थंड हवा आत शिरते.

कोटाच्या या लांब्या आल्या कुठून?

त्या बहुतेक कामाच्या गरजेतून आल्या. जहाजावर दोरखंडांवरून चढ-उतार करणाऱ्या नाविकांचा ‘पी कोट’ नितंबापाशी संपतो, कारण पाय मोकळे असणे गरजेचे होते. उघड्या मोटारी आल्या तेव्हा स्टिअरिंगमागे बसणाऱ्यांसाठी ‘कार कोट’ आला. तो मांडीच्या मध्यापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रूढ झालेला, सुटावर घालायचा ‘चेस्टरफिल्ड’ साधारण गुडघ्यापर्यंत असतो. पहिल्या महायुद्धात पोटऱ्यांपर्यंतचे जाड लोकरी ‘ग्रेटकोट’ खंदकांतल्या चिखलाने आणि पाण्याने जड होत. त्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये हलका, पाणी न धरणारा ‘ट्रेंच कोट’ लोकप्रिय झाला.

‘पार्का’ ही मूळची ध्रुवीय प्रदेशातल्या लोकांची देणगी. अमेरिकी लष्कराने 1951 च्या सुमारास जो पार्का वापरात आणला, त्याची मागची बाजू माशाच्या शेपटीसारखी दुभागलेली होती. वारा आत शिरू नये म्हणून ती मांड्यांभोवती बांधता येई. मांड्या झाकण्याची गरज लष्करानेही ओळखली होती.

कोणत्या शहरासाठी कोणती लांबी?

लंडनमध्ये जानेवारीतही दिवसाचे तापमान सहसा शून्याच्या वरच असते. तिथे बर्फापेक्षा भुरभुर पाऊस आणि वाराच अधिक छळतो. मांडीच्या मध्यापर्यंतचा, पाणी न शिरणारा कोट तिथे पुरतो. बर्लिन, म्युनिकमध्ये पारा शून्याच्या आगेमागे राहतो. तिथे मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी सोयीची ठरते.

कॅनडातील विनिपेग, एडमंटन यांसारख्या शहरांत उणे 20 अंश ही नवलाईची गोष्ट नाही. कॅनडाचे हवामान खाते तापमानाबरोबर ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडीही जाहीर करते. हा आकडा उणे 28 ते उणे 39 दरम्यान असेल, तर उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, असा इशारा दिला जातो. अशा ठिकाणी गुडघ्यापर्यंतचा पार्का ही चैन मानता येत नाही, आणि त्याच्या जोडीला पँटच्या आत थर्मलही लागते.

फक्त तापमान पाहून भागते का?

नाही. रोज किती वेळ उघड्यावर जातो आणि प्रवास कशाने होतो, हे तितकेच महत्त्वाचे. एकाच शहरात राहणाऱ्या दोघांना वेगळी लांबी लागू शकते. बसथांब्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबणाऱ्याला लांब कोट हवा, कारण उभ्या माणसाच्या शरीरात चालणाऱ्याइतकी उष्णता तयार होत नाही. घरून गाडीत आणि गाडीतून कार्यालयात जाणाऱ्याला तोच कोट अडचणीचा ठरतो. तो सीटवर गोळा होतो, शिवाय जाड कोटावरून सीट बेल्ट अंगाला नीट बसत नाही. सायकल चालवणाऱ्याने गुडघ्याखालचा कोट टाळावा, तो चाकात किंवा साखळीत अडकू शकतो.

बस, मेट्रो आणि पायी असा मिश्र प्रवास असेल, तर लांब कोटाला दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन असावी. बसताना ती खालून थोडी उघडली की गुडघे मोकळे होतात. लोकरी कोट असेल तर मागची चीर तेच काम करते.

नोकरीच्या ठिकाणी सूट किंवा ब्लेझर घालावा लागत असेल, तर आतल्या ब्लेझरची कड कोटाखाली दिसता कामा नये. ती दिसली की पोशाख गबाळा वाटतो आणि ब्लेझर भिजतोही.

उंची कमी असेल तर लांब कोट विचित्र दिसतो का?

पोटऱ्यांपर्यंतच्या कोटात मध्यम किंवा कमी उंचीचा माणूस आणखी ठेंगणा दिसतो, हे खरे. मात्र त्यावर कमरेपर्यंतचा कोट हा उपाय नाही. गुडघ्याच्या दोन-तीन बोटे वर संपणारा, खांद्यात नीट बसणारा कोट ऊबही देतो आणि अंगावर शोभतोही. बहुतेक वेळा लांबीपेक्षा ढगळ खांदे आणि हातावर येणाऱ्या बाह्या यांनीच ध्यान बिघडते.

तयार कपड्यांच्या मापातली एक गोम इथे माहीत हवी. ब्रिटन, अमेरिकेत कोटावर ‘38 एस’, ‘40 आर’, ‘42 एल’ असे आकडे असतात. आकडा छातीचा, इंचांत. पुढचे अक्षर उंचीचे. त्यामुळे इथला ‘एस’ म्हणजे ‘स्मॉल’ नव्हे, तर ‘शॉर्ट’. साधारण पाच फूट सात इंचांपर्यंतच्या पुरुषांसाठी तो असतो. जर्मनीत नेहमीच्या 48 आणि 50 मापांची कमी उंचीची आवृत्ती 24 आणि 25 या आकड्यांनी ओळखली जाते. ‘आपल्या मापाचे काही मिळतच नाही’ म्हणत परतणाऱ्याने एकदा हे आकडे विचारून पाहावेत.

माप कसे घ्यावे?

कोटाची लांबी मागून मोजतात. कॉलर जिथे जोडलेली असते, तिथून खालच्या कडेपर्यंत. ऑनलाइन तक्त्यात ‘बॅक लेंग्थ’ म्हणून हाच आकडा दिलेला असतो. घरी दुसऱ्या कुणाकडून मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून टेप सोडून मोजून घ्यावे. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला 70 सेंटीमीटरच्या आसपासचा कोट नितंब झाकतो. 80 ते 85 सेंटीमीटरचा मांडीच्या मध्यापर्यंत येतो आणि 95 च्या पुढचा गुडघ्याला टेकतो. उंचीनुसार हे आकडे थोडे बदलतात.

दुकानात कोट घालून पाहताना आत स्वेटर असावा. हात वर करावेत, खुर्चीवर बसावे, दोन जिने चढून पाहावेत. पाऊल अडखळत असेल किंवा बसताना बटणे ताणली जात असतील, तर ती लांबी रोजच्या वापराची नाही.

कोट इथे घ्यावा की तिथे?

सप्टेंबरमध्ये पोहोचणाऱ्याच्या हाती कडाक्याच्या थंडीपूर्वी काही आठवडे असतात. तोवर इथून नेलेले साधे जॅकेट आणि स्वेटर पुरतात. मुख्य कोट तिथे गेल्यावर, रोजचा रस्ता कळल्यावर घेणे शहाणपणाचे. तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतही चांगले लोकरी कोट कमी पैशांत मिळतात. जानेवारीत पोहोचणाऱ्याला मात्र विमानतळाबाहेर पडताच कोट लागतो. त्याने तो इथूनच घ्यावा आणि बॅगेत न भरता अंगावर घालून न्यावा, म्हणजे सामानाचे वजनही वाचते.

निर्णय होतच नसेल, तर शिंप्याचा साधा हिशेब उपयोगी पडतो. लोकरी कोट चार बोटे आखूड करता येतो, आखूड कोट मात्र वाढवता येत नाही, कारण आत दुमडलेले कापड फारच थोडे असते. पिसे किंवा कापूस भरलेल्या जॅकेटला कात्री लावणेही अवघड, कारण भरण बाहेर येते. म्हणून दोन लांब्यांत घोळ होत असेल आणि रोज थांब्यावर उभे राहायचे असेल, तर जास्त लांबीचा कोट निवडावा.