नवी गाडी ऑनलाइन घ्यायची की शोरूममधून? आधी विचारा, बिल कोणाच्या नावाचं?

आजचा भाग नवीन गाडी घेण्याबद्दल आहे. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून घ्या. बोललो तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत.

आपल्या वाशिम जिल्ह्यात गाडीची चर्चा वर्षातून दोनदा रंगते. एकदा सोयाबीनचे पैसे हातात येतात तेव्हा, म्हणजे दसरा-दिवाळीला. दुसऱ्यांदा गुढीपाडवा ते अक्षय तृतीया. बाबा म्हणतात, "अकोल्याला जाऊन शोरूममध्ये पाहून येऊ." पुण्यात नोकरीला असलेला पोरगा फोनवर म्हणतो, "थांबा, मी ऑनलाइन पाहतो, स्वस्त पडेल." दोघांचाही हेतू चांगला. पण दोघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते, की ऑनलाइन हे एक वेगळं दुकान आहे आणि तिथला भाव वेगळा आहे. नवीन गाडीच्या बाबतीत ते खरं नाही. कसं ते सांगतो.

पोर्टलचा माल कोणता?

कारदेखो, कारवाले अशा साइटवर तुम्ही मॉडेल निवडता, शहर टाकता, "ऑफर पाहा" दाबता आणि मोबाइल नंबर देता. दहा मिनिटांत फोन सुरू. हे नेमकं काय झालं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून आतला प्रवास सोप्या भाषेत सांगतो. तुमचं नाव, नंबर, मॉडेल आणि पिनकोड यांची एक नोंद तयार होते. तिला धंद्याच्या भाषेत 'लीड' म्हणतात. वाशिमचा ४४४५०५ टाकला की त्या भागात ती कंपनी विकणाऱ्या डीलरकडे ही लीड जाते. तिथला सेल्समन तुम्हाला फोन करतो. पोर्टलची कमाई मुख्यतः अशा लीडमधून आणि जाहिरातींतून होते, आणि ते पैसे डीलर आणि कंपन्या देतात. थोडक्यात, नवीन गाडीच्या बाबतीत पोर्टल विकतं ती तुमची चौकशी. गाडी विकतो डीलरच.

कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही बहुतेक वेळा हेच असतं. ह्युंदाईने २०२० मध्ये 'क्लिक टू बाय' सुरू केलं. तिथेही तुम्हाला डीलर निवडावा लागतो. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या गाड्या विकायला घेतल्या, पण तिथेही विकणारा स्थानिक डीलरच आहे.

अपवाद आहेत. मर्सिडीज-बेंझने भारतात ऑक्टोबर २०२१ पासून थेट कंपनीचं बिल आणि देशभर एकच किंमत ही पद्धत आणली. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला पहिलं शोरूम उघडलं, तीही थेटच विकते. पण रिसोड-मानोऱ्याच्या घरात जी गाडी येते, ती बहुधा डीलरकडूनच येते.

यामागे कायदाही आहे. नोंदणी न झालेल्या गाड्या विक्रीसाठी ठेवायला आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला, त्यानुसार डीलर त्याच राज्यातला असेल तर नवीन गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो. मधला दलाल, मग तो अ‍ॅपवर असो की चहाच्या टपरीवर, हे करू शकत नाही.

ऑन-रोड किमतीचे तीन कप्पे

आता भावाकडे येऊ. पोर्टलवर दिसणारी ऑन-रोड किंमत हा एक अंदाज असतो. खरा हिशेब डीलरच्या कोटेशनमध्ये असतो, आणि तो वाचायला तीन कप्पे डोक्यात ठेवा.

पहिला कप्पा, कंपनीने ठरवलेला: एक्स-शोरूम किंमत. यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के.

दुसरा कप्पा, सरकारने ठरवलेला: रोड टॅक्स आणि नोंदणी. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८,००० रुपये. हा दर वाशिमला तोच, नागपूरला तोच, पुण्यालाही तोच. नोंदणी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. गाडी १० लाखांच्या वर असेल तर डीलर एक टक्का टीसीएस घेतो. तो खर्च नाही, आयकर रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो. कित्येक लोक तो मागतच नाहीत.

तिसरा कप्पा, खरा घासाघिशीचा: विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, कोटिंग आणि 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची ओळ. यातली हँडलिंगची ओळ सरकारची नाही. ती दिसली की सरळ विचारा, "हे कशाचे?" आणि काढायला लावा.

विम्याचं थोडं सविस्तर बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे हलतात. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी. यात कोणी सूट देऊ शकत नाही. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्यावरची झिरो डेपसारखी कव्हर, यांचे दर कंपनीगणिक बदलतात. विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती डीलर करू शकत नाही. बाहेरून कोटेशन काढा, फक्त आयडीव्ही आणि कव्हर दोन्हीकडे सारखेच ठेवून तुलना करा. आयडीव्ही कमी करून स्वस्त दाखवलेला विमा स्वस्त नसतो.

'ऑनलाइन पाहतो' म्हणणाऱ्या पोराचा खरा उपयोग इथे आहे, विम्यात आणि कर्जाच्या व्याजात.

सूट देतो कोण?

यावर आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. तक्रारीची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली होती आणि ती मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागाबद्दल होती. आयोगाच्या आदेशानुसार डीलरने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट द्यायची नाही, असं कंपनीचं धोरण होतं. ते पाळलं जातं का हे पाहायला खोटे ग्राहक शोरूममध्ये पाठवले जात. जास्त सूट देताना सापडला तर डीलरला आणि तिथल्या माणसांनाही दंड. कंपनीने याविरुद्ध अपील केलं आणि वाद अपील न्यायाधिकरणात गेला.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की सूट दोन प्रकारची असते. एक कंपनीची: ग्राहक ऑफर, एक्सचेंज बोनस, नोकरदारांची सूट. ही एका वेळी एका भागात साधारण सारखीच असते. दुसरी डीलरच्या स्वतःच्या मार्जिनमधली. ती मागावी लागते, आणि ती मिळते दुसऱ्या डीलरचा लेखी आकडा हातात असेल तेव्हाच. महिनाअखेर, मार्च आणि डिसेंबरमधला जुना स्टॉक, या वेळी डीलरलाही गाडी काढायची घाई असते.

डिसेंबरच्या सुटीत एक पेच आहे. जानेवारीत नोंदणी झाली तरी गाडी मागच्या वर्षी बनलेली असू शकते, आणि विकताना ते वर्ष मोजलं जातं. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. तो पाहा.

अकोला, नागपूर की पुणे?

आपल्या जिल्ह्यातलं छोटं शोरूम पुष्कळदा मोठ्या शहरातल्या डीलरची शाखा असतं. मग वाशिम आणि अकोला असे दोन कोट घेऊन काय उपयोग? मालक एकच निघाला तर आकडाही एकच निघणार. म्हणून दुसरा कोट वेगळ्या डीलरचा घ्या: नागपूर, अमरावती, नांदेड. समृद्धी आपल्या जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे नागपूर आता पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही.

बाहेरून घेताना दोन शंका नेहमी येतात.

पहिली, नंबर एमएच-३७ मिळेल का? २०१९ च्या बदलानंतर राज्यातल्या कुठल्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करता येते, असं कायदा म्हणतो. पण डीलर आपल्या रोजच्या आरटीओकडे काम उरकायला पाहतो. एमएच-३७ हवाच असेल तर बुकिंगच्या आधी लेखी ठरवा.

दुसरी, "बाहेरून घेतली तर इथे सर्व्हिस देणार नाहीत." हे चूक आहे. कंपनीची वॉरंटी कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. मात्र गाडी निवडताना हा प्रश्न उलटा विचारा: माझ्या घरापासून त्या कंपनीचं वर्कशॉप किती दूर आहे? मानोऱ्याहून प्रत्येक सर्व्हिसला अकोला गाठायचं असेल, तर डिझेल आणि बुडालेला दिवस मिळून पहिल्या दिवशी वाचवलेले पाच हजार कधी संपले ते कळणारही नाही. आणि लहानसहान तक्रारीला ओळखीचा, रोज दिसणारा माणूस जास्त धावून येतो, हेही खरंच. जवळच्या डीलरला थोडे जास्त द्यायला हरकत नाही. पण ते किती जास्त आहेत, हे माहीत असून द्या.

इन्स्टाग्रामवरचा 'भाऊ'

आता धोक्याची गोष्ट. रीलमध्ये कोणीतरी सांगतो, "कॅन्टीन रेटने गाडी देतो, दीड लाख कमी, आधी २० हजार टोकन टाका." लष्कराच्या कॅन्टीनमधून गाडी मिळते ती पात्र सैनिक आणि माजी सैनिकांना, त्यांच्याच नावावर. ती सवलत मोकळ्या बाजारात विकायला नसते. टोकन एखाद्या माणसाच्या खात्यात किंवा यूपीआयवर मागितलं की विषय तिथेच संपवा. पैसे फक्त डीलरच्या फर्मच्या नावाने असलेल्या बँक खात्यात, आणि पावती लगेच.

बिलावर कोणाचं नाव, हे सुरुवातीलाच विचारायचं ते याचसाठी. उद्या भांडण झालं तर तुम्ही त्याच नावाला धरू शकता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. म्हणजे पुण्याच्या डीलरविरुद्ध वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पण समोर बिल देणारा कोणी नसेल आणि फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी असेल, तर आयोगही कोणाला बोलावणार?

मग करायचं कसं?

१. मॉडेल, व्हेरियंट, रंग हे ऑनलाइन ठरवा. व्हिडिओ पाहा, पण टेस्ट ड्राइव्ह घ्याच, आणि घरातल्या सगळ्यांना बसवून घ्या.

२. चौकशीसाठी शक्यतो दुसरा नंबर द्या. फोन थांबत नसतील तर १९०९ वर डीएनडी करा.

३. किमान दोन वेगळ्या मालकांच्या डीलरकडून ओळीओळीने लिहिलेलं कोटेशन मागा. "सगळं मिळून इतके" हे कोटेशन नाही.

४. दोन्ही कागद शेजारी ठेवा. पहिले दोन कप्पे जवळपास सारखे यायला हवेत. नसतील तर कोणीतरी काही लपवतंय. फरक तिसऱ्या कप्प्यात शोधा.

५. विमा आणि कर्जाचे बाहेरचे आकडे काढून ठेवा.

६. पूर्ण पैसे आणि नोंदणी या दोन्हीच्या आधी गाडी प्रत्यक्ष पाहा. चेसिस नंबर, रंग, टायर, किलोमीटर. नवीन गाडी नंबर प्लेट लागल्याशिवाय ताब्यात द्यायची नाही, असा नियम आहे. म्हणून पेढे-हार-नारळाच्या दिवशी ओरखडा दिसला तर उशीर झालेला असतो, कारण गाडी तोवर तुमच्या नावावर झालेली असते.

बाबांचं शोरूम आणि पोराचं ऑनलाइन, दोन्ही लागतं. माहिती फोनवर गोळा होते, सौदा माणसाशीच होतो. घरातला एक जण आकडे काढू दे, दुसरा समोर बसून बोलू दे. मुहूर्तासाठी घाई करू नका राजेहो, मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी कोट मागवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घासाघीस करायला गेलात, तर समोरच्याला माहीत असतं की तुम्ही उठून जाणार नाही.

घरात गाडीचं चाललं असेल तर हा भाग आधी बाबांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.