३६१५ कोड पेर नोएल

३६१५ कोड पेर नोएल हा १९८९ साली निर्माण झालेला फ्रेंच थरारपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन रने मांझोर यांनी केले असून तो जानेवारी १९९० मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. इंग्रजीत तो डेडली गेम्स, डायल कोड सांताक्लॉज आणि गेम ओव्हर या नावांनी ओळखला जातो. नाताळच्या रात्री सांताक्लॉजच्या वेशात घरात शिरलेल्या मनोरुग्ण मारेकऱ्याशी एका लहान मुलाने दिलेला लढा हा त्याचा विषय आहे.

शीर्षकाचा अर्थ

‘पेर नोएल’ हे सांताक्लॉजचे फ्रेंच नाव होय. ‘३६१५’ हा आकडा मिनिटेल या संगणकीय सेवेशी निगडित आहे. फ्रान्सच्या दूरध्वनी खात्याने १९८० च्या दशकात पडदा व कळफलक असलेली छोटी यंत्रे घरोघरी विनामूल्य वाटली. ३६१५ हा क्रमांक फिरवून हव्या त्या सेवेचे सांकेतिक नाव टंकले की ती सेवा पडद्यावर उघडत असे. समोरची व्यक्ती कोण आहे हे कळण्याचा मार्ग मात्र नव्हता. चित्रपटातील संकटाचा उगम याच अनामिकतेत आहे. मिनिटेल सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली.

कथानक

तोमा हा संगणक आणि युद्धपटांचे वेड असलेला मुलगा आपली आई ज्युली आणि मधुमेही, दृष्टी अधू झालेले आजोबा यांच्यासह एका प्रशस्त हवेलीत राहतो. सांताक्लॉज खरोखर आहे हे सिद्ध करण्यासाठी तो मिनिटेलवरून त्याच्याशी संपर्क साधू पाहतो. दुसऱ्या टोकाला एक अनोळखी माणूस असतो. हाच माणूस पुढे ज्युली चालवत असलेल्या मोठ्या दुकानात सांताक्लॉजचे काम मिळवतो, परंतु एका मुलीवर हात उगारल्याने त्याला काढून टाकले जाते. त्या रात्री तो हवेली गाठतो. धुराड्यातून उतरलेला सांताक्लॉज पाहून हरखलेल्या तोमाच्या डोळ्यांदेखत तो त्याच्या कुत्र्याला ठार मारतो. त्यानंतर तोमा घरातील गुप्त वाटा आणि स्वतः रचलेले सापळे यांच्या साहाय्याने आजोबांचे व स्वतःचे रक्षण करतो.

कलाकार

तोमाची भूमिका दिग्दर्शकाचे पुत्र आलँ लालान यांनी, तर मारेकऱ्याची भूमिका पात्रिक फ्लोरशाइम यांनी केली. फ्लोरशाइम हे मायकेल डग्लस यांच्या भूमिकांना फ्रेंच आवाज देणारे कलावंत म्हणूनही परिचित होते. ज्युलीच्या भूमिकेतील ब्रिजित फोसे यांनी १९५२ च्या ‘ज्यू अँतेर्दी’ या चित्रपटात बालकलाकार म्हणून काम केले होते. आजोबांची भूमिका लुई द्युक्रो यांनी साकारली. संगीत दिग्दर्शकाचे बंधू जाँ-फेलिक्स लालान यांचे असून शीर्षकगीत बॉनी टायलर यांनी गायले आहे.

‘होम अलोन’शी साम्य

नोव्हेंबर १९९० मध्ये ‘होम अलोन’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. नाताळचा काळ, मोठे घर, घरात शिरणारे लोक आणि सापळे रचणारा मुलगा हे घटक दोन्हींत समान आहेत. आपल्याच चित्रपटाची ही पुनर्निर्मिती असल्याचा आरोप करून मांझोर यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता.

मांडणीत मात्र दोन्ही चित्रपट भिन्न आहेत. ‘होम अलोन’मधील चोर कितीही मार खाऊन पुन्हा उभे राहतात आणि हिंसा विनोदात विरून जाते. मांझोर यांच्या चित्रपटात माणसे खरोखर मरतात आणि मुलाच्या मनावर त्याचा आघात राहतो. सांताक्लॉजला पाहण्याचा प्रयत्न केल्यास तो राक्षस होतो, असे आईने सांगितलेले असते. त्यामुळे घडलेल्या अनर्थाला आपणच कारणीभूत आहोत, असे तोमाला वाटू लागते. शत्रूचा पराभव झाला तरी बालपणीची श्रद्धा परत येत नाही, यावर चित्रपटाचा भर आहे.

पुनर्प्रदर्शन

दीर्घकाळ हा चित्रपट फ्रान्सबाहेर मोजक्याच रसिकांना ठाऊक होता. २०१८ साली त्याची पुनरुज्जीवित प्रत अमेरिकेतील चित्रपटगृहांत दाखवण्यात आली आणि त्यानंतर त्याला नवा प्रेक्षकवर्ग लाभला.