फ्रेंच वाक्य: क्रियापद मध्ये

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. फ्रेंचमध्ये ते कर्त्याच्या पाठोपाठच हजर. ‘मारी मांज यून पॉम’ म्हणजे ‘मारी खाते एक सफरचंद’. पण सफरचंदाच्या जागी सर्वनाम आलं, की ते क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं: ‘मारी ला मांज’. हा क्रम तर थेट आपलाच! नकार क्रियापदाला दोन्हीकडून वेढतो: ‘मारी न मांज पा’. बोलताना यातला ‘न’ बहुधा गळतो. विशेषण साधारणपणे नामानंतर (‘पॉम रूज’, लाल सफरचंद). ‘ग्रां’, म्हणजे मोठा, यासारखी नेहमीची काही मात्र आधी. खरी अडचण कर्त्याची. तो गाळता येत नाही. आपल्याकडे नुसतं ‘खाते’ चालतं, तिथे ‘एल मांज’ म्हणावंच लागतं. पावसालासुद्धा नावापुरता कर्ता हवाच: ‘इल प्ल’.