बुबुळाचा फोटो आणि आजाराचे नाव

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात बुबुळावर पांढुरके ठिपके दिसले की ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणून विषय संपतो; त्यात हल्ली नव्या गैरसमजाची भर पडली आहे, तो असा की कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने डोळ्याचा फोटो काढला की आजाराचे नाव कळते आणि घरच्यांची तपासणी किंवा जनुकीय चाचणी करण्याचे कारण उरत नाही. हे साफ चूक आहे.

पारपटल, म्हणजे बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि ज्या विकारांत जनुकदोषामुळे तो दोन्ही डोळ्यांत हळूहळू गढूळ होतो त्यांना डिस्ट्रॉफी म्हणतात. कॉन्फोकल यंत्र त्या पडद्याचा तुकडा न काढता, केवळ बधिरतेचे थेंब टाकून, एकेका थराचे चित्र देते, हे खरेच. परंतु प्रचलित लेसर यंत्राच्या एका चित्रात जेमतेम ०.४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा भाग मावतो आणि पारपटलाचा व्यास ११ ते १२ मिलिमीटर असतो, त्यामुळे नेमके कुठे पाहायचे हे आधी साध्या स्लिट लॅम्प या तपासणी-यंत्रावरच ठरवावे लागते. शिवाय चित्र फसवतेही. लॅटिस डिस्ट्रॉफीत अमायलॉइड हे प्रथिन साचून फांद्या फुटल्यासारख्या रेषा दिसतात आणि शेतात उसाचे पाते लागून डोळ्यात शिरलेल्या बुरशीचे तंतूही रेषांसारखेच दिसतात. बुरशीचे तंतू बारीक व रेखीव, तर अमायलॉइडच्या रेषा जाड व पुसट कडांच्या, एवढाच काय तो भेद. दुखणे एकाच डोळ्यात आणि चार दिवसांचे की दोन्ही डोळ्यांत आणि वर्षानुवर्षांचे, हे यंत्राला नव्हे, रुग्णालाच विचारावे लागते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. लॅटिस आणि ग्रॅन्युलर या दोन डिस्ट्रॉफींमागे ‘टीजीएफबीआय’ या एकाच जनुकातील वेगवेगळे बदल असतात, असे १९९७ मध्ये दाखवून देण्यात आले. त्यांपैकी नेमका कोणता बदल झाला आहे, ते जनुकीय चाचणीतच कळते.

आईवडिलांची नजर चांगली, म्हणून आजार आनुवंशिक नाही, हेही खरे नाही: मॅक्युलर डिस्ट्रॉफीत दोघेही निरोगी वाहक असू शकतात आणि आते-मामे भावंडांच्या लग्नात तसा योग वाढतो. हे विकार संसर्गजन्य नाहीत. नेत्ररोपणाने दृष्टी सुधारते, पण लॅटिस आणि ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफी काही वर्षांनी नव्या पारपटलातही उमटू शकतात. चष्मा घालवण्यासाठीची लेसर शस्त्रक्रिया तर ग्रॅन्युलरच्या दुसऱ्या प्रकारात ठिपके झपाट्याने वाढवते, म्हणून घरात कुणाला असे ठिपके असतील तर ते शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे लागते.