साजातील मासा, वाकीवरचा नाग: करवीर-भुदरगडच्या दागिन्यांतील प्राणिरूपे

कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या दागिन्यांकडे पाहताना सोन्याचा कस, रत्नांची जात आणि घडणावळ यांची चर्चा आधी होते. परंतु मासा, कासव, नाग, भुंगा आणि वाघनख ही जी रूपे कारागिरांनी पिढ्यानपिढ्या त्यांत घडवली, त्यांत या भागाच्या श्रद्धा, राजसत्ता आणि व्यापार यांचा इतिहास साठवलेला आहे. हा इतिहास दागिन्याच्या आकारात असतो, वजनात नसतो, आणि म्हणूनच दागिना मोडला की तो कायमचा नाहीसा होतो.

वेदगंगेकाठच्या गारगोटीपासून जवळ असलेला भुदरगड हा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील किल्ला मानला जातो. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘सुवर्णगरुडध्वज’, म्हणजे ज्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड आहे असे, म्हणवीत. त्याच वेळी ते आपला वंश विद्याधर जीमूतवाहनाशी जोडत, ज्याने गरुडाच्या तावडीतून एका नागाला सोडवण्यासाठी स्वतःचा देह पुढे केला होता. भक्षक गरुड ध्वजावर आणि भक्ष्य नागाचा रक्षणकर्ता कुळाच्या मुळाशी, अशी ही जोडणी पाहिली म्हणजे मध्ययुगीन दख्खनमध्ये प्राण्याचे चिन्ह किती विचारपूर्वक धारण केले जात असे, याची कल्पना येते. त्याहीपूर्वीचा पुरावा पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीने दिला आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननामुळे सातवाहनकालीन वस्तीचे चित्र स्पष्ट झाले, आणि या टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंत रोमन जगाशी नाते सांगणाऱ्या पोसायडन या समुद्रदेवाच्या मूर्तीबरोबर स्वार बसलेला हत्तीही आहे.

या परंपरेचे सर्वांत परिचित रूप म्हणजे कोल्हापुरी साज. जवाच्या आकाराचे पोकळ, आत लाख भरलेले जवमणी आणि त्यांच्यामध्ये ओवलेली नक्षीदार पाने, अशी त्याची रचना असते. सोन्याचा पातळ पत्रा धातूच्या ठशावर दाबून पानाला आकार देतात, मागून लाख भरून त्याला बळकटी आणतात आणि जिथे खडा बसवायचा तिथे कोंदण करतात, म्हणजे खड्याभोवती शुद्ध सोने दाबून तो जागच्या जागी पक्का करतात. या पद्धतीमुळे थोड्या सोन्यात भरदार दिसणारा दागिना शेतकरी कुटुंबाच्याही आवाक्यात आला. रूढ समजुतीनुसार पूर्ण साजात २१ पाने असतात. त्यांपैकी १० विष्णूच्या दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, २ माणिक व पाचू यांची, तर उरलेले १ ताइताचे मानले जाते. प्रत्यक्षात पानांची संख्या आणि निवड बदलते, रोजच्या वापराचे साज कमी पानांचेही असतात, आणि चंद्र, कमळ, शंख, बेलपान यांच्याबरोबरच मासा, कासव, नाग व भुंगा ही रूपे त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात.

मासा आणि कासव हे मत्स्य आणि कूर्म म्हणून दशावतारांच्या आरंभी येतात. एकाने प्रलयातून सृष्टीचे बीज वाचवले, दुसऱ्याने समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर तोलला. त्यामुळे वंशवृद्धी आणि स्थैर्य या संसाराच्या दोन मूलभूत इच्छा या दोन पानांत एकवटल्या. पायाच्या बोटांत सुवासिनी घालतात त्या चांदीच्या मासोळ्याही याच कल्पनेचा विस्तार आहेत, आणि कमरेखाली सोने घालू नये या संकेतामुळे त्यांची घडण हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावांना काम देत आली. पंढरीच्या विठ्ठलाच्या कानांतील मकरकुंडले वारकऱ्यांच्या मनात याच जलचर रूपाला देवत्व देतात. कोल्हापूर परिसरातील मोठ्या जैन समाजासाठी मात्र हीच चित्रे वेगळा अर्थ घेऊन येतात, कारण तीर्थंकरांच्या लांछनांमध्ये, म्हणजे ओळखचिन्हांमध्ये, मुनिसुव्रतांचे कासव, पार्श्वनाथांचा नाग, पुष्पदंतांची मगर आणि दिगंबर परंपरेनुसार अरनाथांचा मासा आहे. सोनाराचा ठसा एकच असला, तरी दागिना ज्या घरात जाईल त्या घराची श्रद्धा त्याला आपला अर्थ देते, आणि हे या भागाच्या सहजीवनाचे मोलाचे लक्षण आहे.

नागाचे स्थान याहून गूढ आहे. तो भूमीचा, पाण्याचा आणि पुरलेल्या धनाचा राखणदार मानला जातो. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या पाषाणमूर्तीच्या मस्तकी नाग असून पाठीशी सिंह आहे. दंडात घालायची नागाकृती वाकी किंवा वेणीवर माळायचा सोन्याचा नाग अंगावर घालणे म्हणजे ज्याचे भय वाटते त्यालाच रक्षक करणे होय. सर्पाकडे पाहण्याची ही दृष्टी जगभर थोड्याफार फरकाने आढळते: ग्रीक आणि रोमन स्त्रिया सर्पाकृती कडी घालत, आणि १८४० मध्ये विवाह झालेल्या राणी व्हिक्टोरियाला प्रिन्स अल्बर्टने वाङ्निश्चयाच्या वेळी दिलेली पाचू जडवलेली सर्पाकृती अंगठी तिकडे चिरंतन प्रेमाची खूण ठरली. भुंग्याबाबत मात्र दिशा बदलते. प्राचीन इजिप्तमधील शेणकिड्याच्या आकाराची रत्ने उगवता सूर्य आणि पुनर्जन्म यांच्याशी निगडित होती, तर मराठी मनात कमळाच्या ओढीने पाकळ्यांत अडकणारा भुंगा अनुरागाचे प्रतीक आहे आणि म्हणूनच साजात तो कमळाच्या सोबतीने शोभतो.

या रूपांना रंग देणारी रत्ने मात्र बव्हंशी दूरदेशीची आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत अकीक, स्फटिक आणि गारगोटी मिळते, आणि प्राचीन मणिकारांनी त्यांचा भरपूर वापर केला. पण उत्तम माणिक ब्रह्मदेशातून, मोती इराणच्या आखातातून आणि सोळाव्या शतकानंतर दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचे पाचू पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे येत असत. ज्यांना ही रत्ने परवडत नसत त्यांच्या दागिन्यांत रंगीत काच बसे, आणि त्यामुळे चिन्हाचे मांगल्य तिळभरही कमी मानले जात नसे.

लहान मुलांच्या गळ्यात सोन्याच्या किंवा चांदीच्या कोंदणात बसवलेली वाघनखे दृष्ट आणि भीती यांपासून रक्षण करतात, अशी जुनी श्रद्धा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या अवयवांच्या व्यापाराला मनाई केल्यानंतर धातूची प्रतिकृती हाच योग्य मार्ग उरला, आणि साजातील सोन्याच्या वाघनखाने तो पूर्वीच दाखवून दिला होता. त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिच्या निर्यातीवर निर्बंध येतात. तिचा मालक मात्र ती घरच्या घरी आटवतो तेव्हा तिच्या रूपाची दखल कोणी घेत नाही.

खरा धोका तिथेच आहे. लग्नसराईत जुना साज मोड म्हणून दिला जातो, लाख वेगळी होते, खडे बाजूला काढले जातात आणि उरलेल्या सोन्याचा भाव ठरतो. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्क सोन्याची शुद्धता नोंदवते, तर नागाची फणा कोणत्या घराण्याच्या ठशातून उठली, हे नोंदवण्याची कोणतीही व्यवस्था नाही. ही नोंद गावपातळीवरच होऊ शकते: दागिन्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, प्रत्येक पानाचे स्थानिक नाव, तो कोणत्या प्रसंगी घातला जाई याची घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी सांगितलेली माहिती, आणि जुन्या सोनारांकडील ठशांचे नमुने. गारगोटीला मौनी विद्यापीठासारखी ग्रामीण शिक्षणाची परंपरा असलेली संस्था आहे; तिथल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील एकेका दागिन्याची अशी नोंद केली, तर भुदरगड तालुक्याचा दागिन्यांचा कोश तयार होईल आणि दागिना पुढे मोडावा लागला तरी त्याचे रूप व त्यामागचा अर्थ पुढच्या पिढीच्या हाती राहील.