खडकात अडकलेलं तेल

सिल्वासाच्या डोकमर्डीत बोअर मारली तर पाणीच लागेल, तेल नाही. पण या परिसरात कॅस्ट्रॉल, गल्फ, एचपीसीएल यांचे वंगणतेलाचे कारखाने आहेत. त्यामुळे कच्चं तेल महागलं की इथे त्याची चर्चा होतेच. आपल्या तेलाची मोठी गोष्ट मात्र समुद्रात सुरू झाली.

फेब्रुवारी १९७४मध्ये समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला खडकातला दाबच तेल वर ढकलत होता. तो उतरू लागला तसं १९८४पासून खाली पाणी सोडावं लागलं. पाणी मात्र लबाड. सोपी वाट मिळाली की तिकडूनच पळतं. बारीक छिद्रांतलं तेल जागच्या जागी राहतं. जगभरात सरासरी दोन तृतीयांशाच्या आसपास तेल असं मागेच उरतं.

मेहसाण्याजवळच्या बालोल आणि सांथलचं तेल तर काकवीसारखं दाट. तिथे ओएनजीसीने १९९०मध्ये हवा सोडून चक्क खडकातच आग पेटवून पाहिली. उष्णतेने तेल पातळ झालं आणि १९९७मध्ये हा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. धाडसी खराच, पण थोडं तेल जाळल्याशिवाय बाकीचं हाती येत नाही.

द्रावकाची तऱ्हा निराळी. ते तेलात मिसळून त्याला पातळ करतं. विहिरीच्या नळ्यांत साचलेलं मेण काढायला झायलीन, टोल्युईन वापरतात. दोन्ही विषारी, टोल्युईनची वाफ तर ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेटू शकते. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन मेण विरघळवतं, त्याचा हा आकडा ४८च्या आसपास आहे आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. (नागपूरकरांनी साली उकिरड्यावर टाकण्याआधी एवढं वाचावं.)

गोम पुढेच आहे. नळी धुवायला थोडं द्रावक पुरतं. अख्खं तेलक्षेत्र भिजवायचं तर साली आणायच्या कुठून? शिवाय खडकाने गिळलेलं द्रावक सगळं परत येत नाही. म्हणून टेक्ससमध्ये १९७२पासून कार्बन डायऑक्साइड खाली सोडतात. तो तेलात मुरतो, तेल फुगतं आणि पातळ होतं. आपल्याकडे जुलै २०१९मध्ये गुजरातमधल्या कोयली रिफायनरीतला हा वायू गंधार तेलक्षेत्रात नेण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात सामंजस्य करार झाला.

विहिरी धुण्यापुरती लिमोनीनसारखी हरित द्रावकं जरूर वापरावीत. त्यांच्या जिवावर अख्ख्या क्षेत्राचं उत्पादन वाढेल असं कुणी सांगितलं, तर आधी द्रावकाचं बिल मागावं.