भोक बुजवण्याआधी

बालहृदयरोगाच्या ओपीडीत एक प्रश्न रोज कानावर पडतो. "बाळाच्या हृदयाला भोक आहे म्हणतात. बुजेल ना?" विचारणारी कधी आई असते, कधी नातवाला मांडीवर थोपटणारी आजी. पुष्कळ बाळांच्या बाबतीत उत्तर दिलासा देणारं असतं. लहान भोकं बरेचदा आपोआप बुजतात, काही मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन छत्रीसारख्या उपकरणाने बंद करता येतात. पण हजारातली साधारण आठ-नऊ बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात आणि त्यांतल्या काहींच्या हृदयाची मांडणीच निराळी असते. अशा हृदयात ते भोकच बाळाला जगवत असतं.

अशी वाट बाळाला जगवते, हे ओळखलं ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. हेलन टॉसिग यांनी. जन्माआधी महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक वाहिनी प्रत्येक बाळात असते आणि जन्मानंतर ती मिटते. टॉसिग यांच्या लक्षात आलं, की रक्तात प्राणवायू कमी असल्याने निळसर दिसणाऱ्या काही बाळांची प्रकृती ही वाहिनी मिटल्यावर ढासळते. मग तशीच वाट नव्याने का तयार करू नये? व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे तंत्र घोटून घेतलं आणि 29 नोव्हेंबर 1944 रोजी डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी 15 महिन्यांच्या मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. थॉमस त्यांच्या खांद्यामागे उभं राहून टाक्याटाक्याला मार्गदर्शन करत होते. हृदयातला मूळ दोष तसाच राहिला, पण हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडल्यामुळे फुप्फुसांना रक्त मिळू लागलं.

दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळात तर भोक मुद्दाम मोठं करावं लागतं. तिथे अशुद्ध रक्त शरीरात आणि शुद्ध रक्त फुप्फुसात नुसतं फिरत राहतं. दोन्ही मिसळली तरच बाळ तगतं. 1966 मध्ये डॉ. विल्यम रॅशकिंड यांनी नळीच्या टोकाचा फुगा ओढून वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाडण्याची युक्ती जगापुढे ठेवली. 1975 मध्ये ब्राझीलच्या डॉ. अदिब जतेने यांनी धमन्याच योग्य जागी बसवून दाखवल्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही त्यात उचलून नव्या जागी शिवाव्या लागतात. मात्र जन्मानंतर काही आठवड्यांतच डाव्या कप्प्याचा स्नायू जोर गमावू लागतो. म्हणून ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात.

शस्त्रक्रियेच्या आखणीची खरी कसोटी लागते ती दोन्ही धमन्या खालच्या उजव्या कप्प्यातून निघतात तेव्हा. डाव्या कप्प्यातल्या शुद्ध रक्ताला बाहेर पडायला पडद्यातलं भोक ही एकच वाट असते. बॉस्टनचे डॉ. व्हॅन प्राग आणि लंडनचे डॉ. अँडरसन यांनी घालून दिलेल्या पद्धतीने डॉक्टर हृदय पायरीपायरीने वाचतात. वरचे कप्पे कोणत्या बाजूला आहेत? कोणता कप्पा कोणत्या झडपेतून कुठे उघडतो? कोणती धमनी कुठून निघते? इकोवर हे बरंचसं दिसतं. गरज पडल्यास सीटी किंवा एमआरआय करतात. अलीकडे त्या चित्रांवरून त्या बाळाच्या हृदयाची त्रिमितीय प्रतिकृतीही छापता येते. सर्जन ती हातात घेऊन आतून-बाहेरून न्याहाळतात.

शोधायचं असतं ते भोकाचं महाधमनीपासूनचं अंतर. जवळ असेल, तर आतून बोगदा शिवून रक्त थेट महाधमनीत नेता येतं. ते फुप्फुसधमनीखाली असेल, तर बोगदा तिकडे नेऊन धमन्यांची अदलाबदल करावी लागते. दोन्हींपासून लांब असेल आणि झडपेच्या दोऱ्या वाटेत येत असतील, तर कधी एकाच कप्प्यावर शरीराचं काम चालवायचं आणि शिरांमधलं रक्त परस्पर फुप्फुसाकडे वळवायचं, असा वेगळाच मार्ग धरावा लागतो. म्हणून टेबलावर बाळ घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागाचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात.

या आखणीत वेळ हा सर्वांत कठोर घटक आहे. मोठ्या भोकातून जादा रक्ताचा मारा वर्षानुवर्षं होत राहिला, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एका टप्प्यानंतर ते नुकसान भरून येत नाही. मग साधं भोकही बुजवता येत नाही, कारण उजव्या कप्प्यावरचा ताण हलका करणारी तेवढीच एक वाट उरलेली असते. वेळेवर आलेल्या मुलाची बरी होणारी व्याधी उशिरा आलेल्या मुलाच्या जन्माला चिकटते.

म्हणून खुणा घरच्यांना माहीत हव्यात. दूध पिताना बाळ दमतं, कपाळाला घाम सुटतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया परत परत होतो, रडताना जीभ-ओठ निळे पडतात. गरोदरपणी साधारण 18 ते 22 आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करता येतो. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावायला काही मिनिटंच लागतात, त्याने दुखतही नाही. 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच देशभरासाठी सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मजात हृदयदोषांचीही तपासणी करतो. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या त्या पथकापुढे मूल नेऊन उभं करणं, ही शस्त्रक्रियेच्या आखणीतली पहिली रेघ आहे.

"बुजेल ना?" या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर लगेच देत नाहीत, तेव्हा आजीचा जीव खालीवर होतो. ते टाळत नसतात. ते भोक बाळासाठी काय करतंय, हे आधी पाहत असतात.